दूरची कळ आणि सूचक दिवा : जुन्नर-आंबेगाव परिसरातील विद्युत पंप-नियंत्रणाचा इतिहास

प्रस्तावना

पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांचा इतिहास सामान्यतः शिवनेरी, नाणेघाट, सातवाहनकालीन लेणी आणि भीमाशंकर यांच्या अनुषंगाने लिहिला जातो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या भूभागाचे रूप पालटणाऱ्या साधनांकडे त्या मानाने कमी लक्ष गेले आहे. कुकडी प्रकल्पातील धरणांविषयी पुष्कळ लेखन झाले. परंतु धरणाचे आणि कालव्याचे पाणी विहिरीत पाझरल्यानंतर ते वर उचलणारी मोटर, त्या मोटरीचा स्टार्टर, स्टार्टरच्या पेटीवरील तीन दिवे आणि दोन कळा हा इतिहासाचा विषय क्वचितच झाला.

वस्तुतः या परिसरातील शेतकऱ्याच्या दिनक्रमावर, झोपेवर आणि काही प्रसंगी जीवितावर या लहानशा पेटीचा मोठा परिणाम झाला आहे. वीज केव्हा येते, ती आल्याचे कसे कळते, मोटर कोण आणि कोठून सुरू करतो, हे प्रश्न वरवर तांत्रिक वाटतात. त्यांची उत्तरे मात्र सामाजिक आहेत.

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.
१) जुन्नर-आंबेगाव परिसरात पाणी उपशाच्या साधनांचे नियंत्रण कसे बदलत गेले, हे पाहणे.
२) दूरस्थ कळ, सूचक दिवा आणि वीज क्रमाक्रमाने जोडण्याची व्यवस्था यांचे कार्य व त्यांच्या मर्यादा स्पष्ट करणे.
३) नियंत्रणाचे साधन शेतकऱ्याच्या हाती आल्याने नियंत्रणाचा अधिकार त्याच्याकडे आला काय, याचा विचार करणे.

मोट, इंजिन आणि मोटर

विहिरीवर मोट चालत असताना दूरनियंत्रणाचा प्रश्न उद्भवत नव्हता. बैलांची जोडी धावेवर हाकणारा एक माणूस आणि पाटाच्या टोकाला दारे धरणारा दुसरा माणूस, अशी ती व्यवस्था होती. पाणी किती आले हे डोळ्यांना दिसत असे आणि मोटेच्या चाकाच्या कुरकुरीवरून कानांनाही कळत असे. बैल थकले की पाणी थांबे. उपसा सूर्योदयानंतर सुरू करायचा की पहाटे, हा निर्णय शेतकऱ्याचा स्वतःचा होता. त्यावर मर्यादा होती ती बैलांच्या शक्तीची आणि विहिरीतील पाण्याची.

त्यानंतर आले तेलावर चालणारे इंजिन. पुण्यात १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्स या कंपनीची स्थापना झाली आणि पुढील काळात महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात इंजिनाचा आवाज परिचयाचा झाला. हँडल मारून इंजिन सुरू करावे लागे. ते तापले, तेल संपले किंवा पट्टा निसटला तर जवळ माणूस असणे आवश्यक होते. त्यामुळे इंजिनानेही माणसाला विहिरीपासून दूर जाऊ दिले नाही. वेळेचे स्वातंत्र्य मात्र कायम राहिले. रॉकेल किंवा डिझेल हाती असेल तेव्हा पाणी काढता येई.

विजेच्या मोटरीने ही दोन्ही सूत्रे उलटी केली. मोटर एकदा सुरू झाली की जवळ माणूस असण्याची गरज उरली नाही. पण ती केव्हा सुरू होऊ शकेल, हे ठरविण्याचे स्थान शेताबाहेर गेले. सह्याद्रीच्या पाण्यापासून वीज निर्माण करण्याचे काम पश्चिम महाराष्ट्रात पुष्कळ आधी सुरू झाले होते. लोणावळा परिसरातील तलावांच्या पाण्यावर खोपोली येथे टाटांचे जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये कार्यान्वित झाले, आणि ती वीज प्रामुख्याने मुंबईच्या गिरण्यांसाठी होती. ग्रामीण विद्युतीकरणाला व्यापक संस्थात्मक आधार मिळाला तो २० जून १९६० रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाल्यानंतर. पुढील दशकांत खांब आणि तारा गावोगाव पोहोचल्या. त्याच काळात येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या धरणांचा समावेश असलेला कुकडी प्रकल्प आकारास येत गेला. डिंभे धरणाच्या जलाशयात आंबेगाव हे तालुक्याला नाव देणारे मूळ गावच बुडाले. पश्चिमेकडील आदिवासी पट्ट्याने जमीन दिली. पूर्वेकडील नारायणगाव, मंचर, पारगाव या पट्ट्यात ऊस, द्राक्षे, टोमॅटो आणि कांदा वाढला. या बागायतीच्या मुळाशी कालव्याइतकाच विहिरीवरील विद्युत पंप होता.

स्टार्टरच्या पेटीची रचना

शेतातील लहान मोटरींसाठी सामान्यतः थेट जोडणीचा स्टार्टर वापरला जातो. मोठ्या मोटरींसाठी प्रथम 'स्टार' आणि काही सेकंदांनी 'डेल्टा' अशी दोन टप्प्यांची जोडणी करणारा स्टार्टर असतो. हा दुसरा प्रकार म्हणजे क्रमनियंत्रणाचे शेतातील सर्वांत परिचित उदाहरण होय. सुरुवातीला मोटरीला कमी दाब द्यायचा, तिने वेग घेतला की पूर्ण दाब द्यायचा, असा क्रम त्यात बसविलेला असतो.

स्टार्टरचा मुख्य भाग म्हणजे काँटॅक्टर. त्यातील कॉइलला वीज मिळाली की लोखंडी गाभा खेचला जातो आणि तीनही फेज मोटरीला जोडले जातात. हिरवी कळ दाबली असता कॉइलला वीज मिळते. कळ सोडल्यावरही काँटॅक्टर जोडलेलाच राहावा म्हणून त्याचाच एक साहाय्यक संपर्क हिरव्या कळीला समांतर जोडलेला असतो. लाल कळ मात्र कॉइलच्या मार्गात एकसर जोडणीने येते. ती दाबली की मार्ग तुटतो आणि मोटर थांबते. याच मार्गात अतिभारापासून रक्षण करणाऱ्या रिलेचा संपर्कही एकसर असतो.

दूरस्थ कळ जोडण्याचे तत्त्व यातूनच निघते. दूरच्या ठिकाणची सुरू करण्याची कळ मूळ हिरव्या कळीला समांतर आणि दूरची बंद करण्याची कळ मूळ लाल कळीशी एकसर जोडावी लागते. त्यामुळे कोणत्याही एका जागेवरून मोटर सुरू करता येते आणि कोणत्याही एका जागेवरून ती थांबविता येते. बंद करण्याच्या कळीला अशा रीतीने नेहमीच अग्रक्रम मिळतो, हा या रचनेचा सुरक्षिततेच्या दृष्टीने महत्त्वाचा गुण आहे.

सूचक दिव्यांची कामे तीन प्रकारची असतात. लाल, पिवळा व निळा हे तीन दिवे येणाऱ्या तीन फेजवर जोडलेले असतात आणि पुरवठा आला आहे किंवा नाही ते दाखवितात. कॉइलला समांतर जोडलेला दिवा काँटॅक्टरला आज्ञा मिळाल्याचे सांगतो. रिलेने मार्ग तोडल्यास लागणारा तिसरा दिवा बिघाड दर्शवितो. यांपैकी कोणताही दिवा विहिरीतून प्रत्यक्ष पाणी येत असल्याची ग्वाही देत नाही. कॉइलवरील दिवा लागलेला असतानाही पंप कोरडा फिरत असू शकतो. आज्ञा पोहोचणे आणि काम होणे यांतील हे अंतर पुढील विवेचनात महत्त्वाचे ठरते.

या रचनेत एक गुण असा आहे की जो कारखान्यात वरदान ठरला आणि शेतात अडचण झाला. वीज गेली की कॉइलची शक्ती जाते, काँटॅक्टर सुटतो, आणि वीज परत आली तरी मोटर आपोआप सुरू होत नाही. कारखान्यात एखादा कामगार यंत्रात हात घालून दुरुस्ती करीत असताना वीज परतली तर अपघात होऊ नये, हा त्यामागील हेतू होता. कारखान्यात यंत्राजवळ माणूस असतो. त्याने पुन्हा कळ दाबावी, एवढेच अपेक्षित असते. विहीर वस्तीपासून अर्धा-पाऊण किलोमीटर दूर असलेल्या शेतकऱ्यासाठी मात्र याचा अर्थ असा झाला की वीज जितक्या वेळा जाईल तितक्या वेळा विहिरीवर खेप घालावी लागेल.

काही ठिकाणी यावर उपाय म्हणून विहिरीपासून घरापर्यंत तार ओढून कळ घरात बसविली गेली. तत्त्वतः जोडणी बरोबर असली तरी तिच्यात धोका होता. शेतीपंपाच्या स्टार्टरमधील कॉइल बहुधा दोन फेजमधील सुमारे ४१५ व्होल्टवर चालते. त्यामुळे बांधावरून, झाडांवरून किंवा बांबूवरून नेलेल्या त्या बारीक तारेत पूर्ण दाबाची वीज असते. कारखान्यात नियंत्रणाच्या तारांसाठी २४ व्होल्टसारखा कमी दाब रोहित्राद्वारे वेगळा निर्माण करण्याची पद्धत आहे. शेतात ती काळजी क्वचितच घेतली जाते.

उपकेंद्र आणि पाळीची वीज

शेतकऱ्याच्या स्टार्टरमागे आणखी एक नियंत्रण-पेटी असते, ती ३३/११ किलोव्होल्ट उपकेंद्रात. तेथील पॅनेलवर प्रत्येक फीडरसाठी ब्रेकरची मूठ आणि दिवे असतात. आपल्याकडील रूढ पद्धतीनुसार या पॅनेलवर लाल दिवा म्हणजे ब्रेकर जोडलेला, वाहिनीत वीज आहे. हिरवा दिवा म्हणजे ब्रेकर उघडा, वाहिनी बंद. शेतकऱ्याच्या स्टार्टरवर हिरवी कळ चालू करते आणि लाल कळ बंद करते. एकाच व्यवस्थेच्या दोन टोकांना रंगांचे अर्थ असे परस्परविरुद्ध आहेत. उपकेंद्राच्या दृष्टीने जिवंत वाहिनी ही धोक्याची बाब आहे, तर शेतकऱ्याच्या दृष्टीने ती प्रतीक्षेची.

उपकेंद्रातील कर्मचारी वेळापत्रकानुसार एकामागून एक फीडर चालू व बंद करतो. या अर्थाने उपकेंद्र हेच या परिसरातील क्रमनियंत्रणाचे सर्वांत मोठे साधन आहे. विद्युत कायदा २००३ नंतर जून २००५ मध्ये मंडळाचे विभाजन होऊन वितरणाची जबाबदारी महावितरणकडे आली. त्याच सुमारास राज्यात विजेची तूट तीव्र झाली आणि भारनियमन हा ग्रामीण जीवनाचा भाग झाला. गावठाणाचे फीडर व शेतीचे फीडर वेगळे करण्याची योजना राबविण्यात आली. जेथे ते झाले नव्हते तेथे ठरावीक तास केवळ सिंगल फेज पुरवठा देऊन घरातील दिवे चालू ठेवायचे आणि मोटरी बंद ठेवायच्या, अशी युक्ती योजली गेली.

शेतीला आठवड्यातील काही दिवस दिवसा आठ तास आणि उरलेले दिवस रात्री आठ ते दहा तास थ्री फेज वीज देण्याची चक्राकार पद्धत पुढे रूढ झाली. 'लाईट' आज किती वाजता येणार, हा प्रश्न त्यामुळे गावातील संभाषणाचा नित्य विषय झाला. पेटीवरील तीन दिव्यांना या काळात नवे महत्त्व आले. दोनच दिवे लागले म्हणजे एक फेज नाही. मोटर सुरू केल्यास ती जळणार. असा धोका टाळण्यासाठी 'प्रिव्हेंटर' बसविला जाऊ लागला. दुसरीकडे कंडेन्सर जोडून दोन फेजवर मोटर चालविण्याची जोखीमही काहींनी पत्करली. शेतकऱ्याने आपल्या पेटीवरचे दिवे वाचण्याचे एक स्वतंत्र ज्ञान कमावले. ते त्याला वायरमनकडून आणि मोटर रिवायंडिंगच्या दुकानातून मिळाले.

ऑटो स्विच आणि जळणारे रोहित्र

रात्री-अपरात्री येणाऱ्या विजेसाठी जागत बसणे टाळण्याचा सोपा मार्ग म्हणून 'ऑटो स्विच' आला. तीनही फेज आल्याची खात्री होताच तो शेतकऱ्याच्या वतीने हिरवी कळ दाबण्याचे काम करतो. स्टार्टरमधील जो सुरक्षितताविषयक गुण शेतकऱ्याला जाचक झाला होता, तो या साधनाने निष्प्रभ केला.

एका शेतकऱ्यापुरता हा उपाय उत्तम होता. परंतु एका रोहित्रावर दहा मोटरी असतील आणि दहाही स्टार्टरना ऑटो स्विच असतील, तर फीडर चालू होताच दहा मोटरी एकाच वेळी सुरू होण्याचा प्रयत्न करतात. ५ अश्वशक्तीची मोटर पूर्ण भारावर सुमारे ७.५ अँपियर प्रवाह घेते. सुरू होताना थेट जोडणीत तो सुमारे सहा पट, म्हणजे ४५ अँपियर होतो. ६३ केव्हीए रोहित्राची क्षमता दर फेज सुमारे ८४ अँपियर असते. दहा मोटरी चालू स्थितीत ७५ अँपियर घेतात, म्हणजे रोहित्र त्या पेलू शकते. त्या एकाच क्षणी सुरू झाल्या तर मागणी ४५० अँपियरच्या घरात जाते. प्रत्यक्षात इतका प्रवाह येण्याआधीच दाब कोसळतो, मोटरी वेग घेऊ शकत नाहीत, सुरू होण्याचा काळ लांबतो आणि फ्यूज उडतात. असे वारंवार झाल्यास रोहित्राचे आयुष्य घटते. 'डीपी जळाला' या वाक्यामागे अनेक कारणे असतात. हे त्यांपैकी एक होय.

याच दहा मोटरी प्रत्येकी काही सेकंदांच्या अंतराने सुरू झाल्या तर शेवटची मोटर सुरू होताना मागणी नऊ मोटरींचे ६७.५ आणि दहावीचे ४५, म्हणजे सुमारे ११२ अँपियर, तीही क्षणभर. रोहित्र एवढा क्षणिक भार सहन करते. क्रमनियंत्रणाचे संपूर्ण तत्त्व या आकडेमोडीत सामावलेले आहे. ध्वनियंत्रणेत, संगणक-कक्षात किंवा कारखान्यात उपकरणे एकामागून एक जोडणारी पेटी हेच काम करते.

महावितरणने ऑटो स्विच काढून टाकावेत आणि कपॅसिटर बसवावेत, अशी आवाहने वेळोवेळी केली. तांत्रिकदृष्ट्या ती योग्य होती. शेतकऱ्याने ऑटो स्विच काढला असता त्याला रात्री विहिरीवर जावे लागले असते, ही बाजू मात्र त्या आवाहनांत येत नसे. वेळ-विलंब देणारा रिले ही काही दुर्मीळ वस्तू नाही. अनेक ऑटो स्विचमध्ये विलंब ठरविण्याची सोय असतेही. दहा शेतकऱ्यांनी एकत्र बसून कोणाची मोटर किती सेकंदांनी सुरू व्हावी, हे ठरविणे एवढेच उरते. पाटपाण्याच्या पाळ्या ठरविण्याची जुनी परंपरा असलेल्या समाजात रोहित्राच्या पाळ्या ठरविण्याची रीत मात्र रुजली नाही. पाटाचे पाणी सर्वांचे आहे, हे डोळ्यांना दिसते; रोहित्राची क्षमता सर्वांची आहे, हे ते जळाल्यावर कळते.

खोडदचा दाखला

जुन्नर तालुक्यातच दूरनियंत्रणाचे एक वेगळे उदाहरण उभे आहे. नारायणगावच्या पूर्वेस सुमारे दहा किलोमीटरवर खोडद येथे राष्ट्रीय खगोलभौतिकी केंद्राची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून साकारलेल्या या प्रकल्पात प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. त्यांपैकी १४ मध्यवर्ती भागात आणि उरलेल्या १६ इंग्रजी 'वाय' अक्षरासारख्या तीन भुजांवर, सुमारे २५ किलोमीटर विस्तारात, शेतांच्या मधोमध उभ्या आहेत. ४ ऑक्टोबर २००१ रोजी ही दुर्बीण राष्ट्राला अर्पण करण्यात आली. आयईईई या आंतरराष्ट्रीय अभियंता-संस्थेने २०२० मध्ये तिला ऐतिहासिक टप्प्याचा सन्मान दिला.

या तीस अँटेना खोडदच्या नियंत्रण कक्षातून प्रकाशतंतूंच्या मार्गे हलविल्या जातात. प्रत्येक अँटेनाच्या पायथ्याशी असलेला संगणक आज्ञा स्वीकारतो आणि अँटेनाची दिशा व स्थिती परत कळवितो. वारा मर्यादेपलीकडे गेला की अँटेना आकाशाकडे सरळ तोंड करून स्थिर केल्या जातात. येथे सूचक दिव्याचे काम संगणकाच्या पडद्याने घेतले असले तरी तत्त्व तेच आहे: आज्ञा द्यावी, तिची पूर्तता झाल्याचे उत्तर मिळवावे, आणि उत्तर आल्यावरच पुढील पायरी घ्यावी.

दुर्बीण आणि शेतीपंप यांचा संबंध केवळ शेजाराचा नाही. अवकाशातून येणारे रेडिओ संकेत अत्यंत क्षीण असतात. वीजवाहिनीवरील सैल जोड किंवा खराब इन्सुलेटर यांतून उडणारी ठिणगी दुर्बिणीला गोंगाटासारखी ऐकू येते. अशा ठिणग्या शोधून दूर करणे हे दुर्बिणीच्या कामाचा भाग झाले आहे. जी सैल तार शेतकऱ्याची मोटर जाळते, तीच खगोलशास्त्रज्ञांच्या निरीक्षणात अडथळा आणते. वाहिन्यांची चांगली देखभाल हे या दोघांचे समान हित ठरते.

खोडद आणि भोवतालची शिवारे यांतील खरा फरक तंत्रज्ञानाच्या पातळीचा वाटतो तितका नाही. खोडदला कळ, दिवा आणि क्रम या तीनही गोष्टी एकाच व्यवस्थापनाकडे आहेत. शिवारात कळ शेतकऱ्याकडे, दिवा विहिरीवर आणि क्रम उपकेंद्राच्या वेळापत्रकात, अशी त्यांची वाटणी झाली आहे.

मोबाइल स्टार्टर

मोबाइल फोन गावोगाव पोहोचल्यानंतर दूरस्थ कळीसाठी तार ओढण्याची गरज संपली. पुण्यातील अभियंता संतोष ओस्तवाल यांनी विकसित केलेले 'नॅनो गणेश' हे साधन या संदर्भात उल्लेखनीय आहे. २००९ मध्ये त्याला नोकिया कंपनीच्या जागतिक स्पर्धेत पारितोषिक मिळाले. स्टार्टरला जोडलेल्या मोबाइल उपकरणाला फोन करून वीज आहे काय हे जाणून घ्यावे आणि ठरावीक आकडे दाबून मोटर सुरू वा बंद करावी, असे त्याचे स्वरूप आहे. त्यानंतर अनेक उत्पादकांचे मोबाइल स्टार्टर बाजारात आले.

विद्युत जोडणीच्या दृष्टीने पाहता या साधनांत मूळ तत्त्व बदललेले नाही. उपकरणातील एक रिले हिरव्या कळीला समांतर, दुसरा लाल कळीशी एकसर जोडला जातो. खरा बदल सूचक दिव्यात झाला. विहिरीवरील जो दिवा पूर्वी तेथे जाऊनच पाहावा लागे, तो ध्वनी किंवा संदेश होऊन शेतकऱ्याच्या खिशात आला. काही उपकरणे मोटर घेत असलेला प्रवाह मोजतात. प्रवाह फारच कमी असेल तर पंप कोरडा चालत असल्याचे ओळखून मोटर थांबवितात. आज्ञा आणि कार्य यांतील पूर्वोक्त अंतर त्यामुळे कमी झाले.

तरीही एक मर्यादा राहिली. मोटर दूरवरून सुरू करता येते. दारे दूरवरून धरता येत नाहीत. ठिबक सिंचन असलेल्या द्राक्षबागेत किंवा टोमॅटोच्या प्लॉटमध्ये झडपा योग्य रीतीने लावून ठेवल्या तर मोबाइल स्टार्टरने रात्रीची खेप वाचते. पाटाने भिजणाऱ्या उसात मात्र एका सरीतून दुसऱ्या सरीत पाणी वळविण्यासाठी माणूस फावडे घेऊन उभा राहावाच लागतो. त्यामुळे दूरस्थ कळीचा लाभ ज्याच्याकडे ठिबकसाठी भांडवल आहे त्याला अधिक आणि ज्याच्याकडे ते नाही त्याला कमी मिळाला.

रात्रीचे पाणी आणि बिबट्या

रात्री दारे धरण्याचा प्रश्न सर्वत्र कष्टाचा आहे. जुन्नर-आंबेगावात तो भयाचाही आहे. कालव्यांमुळे वाढलेल्या उसाच्या क्षेत्राने बिबट्याला, स्थानिक बोलीत 'वाघा'ला, लपण्यासाठी दाट आसरा दिला आणि वस्तीवरील कुत्री, शेळ्या यांच्या रूपाने भक्ष्यही. विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, जुन्नर परिसरात १९९३ ते २००१ या काळात माणसांवरील हल्ल्यांची वार्षिक सरासरी ४ होती. बिबटे पकडून अन्यत्र सोडण्याची मोहीम सुरू झाल्यानंतर, २००१ ते २००३ या काळात ती १७ वर गेली. माणिकडोह येथील बिबट निवारा केंद्र या संघर्षाच्या इतिहासाची खूण आहे. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जुन्नर वनविभागातील शिरूर तालुक्याच्या पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत मृत्यू झाल्यानंतर संपूर्ण पट्ट्यात संतापाची लाट उसळली.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. बिबट्याचे सर्व हल्ले रात्री पाणी देणाऱ्यांवर झालेले नाहीत. बळी पडलेल्यांत लहान मुले आहेत आणि हल्ले दिवसाउजेडीही झाले आहेत. रात्रीची वीज हे संघर्षाचे एकमेव कारण म्हणता येणार नाही. तथापि काळोखात, उसाच्या कडेला, वाकून काम करणाऱ्या माणसाला जो धोका पत्करावा लागतो, तो उपकेंद्रातील वेळापत्रकामुळे पत्करावा लागतो, हे नाकारता येत नाही. 'शेतीला दिवसा वीज द्या' ही या भागातील मागणी म्हणूनच केवळ सोयीची राहिलेली नाही.

रात्रीच्या पुरवठ्यामागील कारण समजून घेतले पाहिजे. औष्णिक केंद्रे रात्री पूर्णपणे बंद करता येत नाहीत. शहरांची व कारखान्यांची मागणी मध्यरात्रीनंतर घटते. त्या वेळची शिल्लक वीज शेतीकडे वळविणे व्यवस्थेच्या दृष्टीने किफायतशीर ठरते. हेही एक प्रकारचे क्रमनियंत्रणच आहे, राज्यव्यापी प्रमाणावरचे. त्यात शेतकरी क्रमाच्या शेवटी येतो, कारण त्याचा पंप केव्हाही चालविता येतो असे गृहीत धरलेले असते. पंप केव्हाही चालतो हे खरे. पंप चालविणारा माणूस केव्हाही चालू शकतो, हे मात्र गृहीतच आहे.

या गृहीताला छेद देणारी घटना म्हणजे सौर ऊर्जेचा प्रसार. २०१७ मध्ये जाहीर झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत शेतीचे फीडर सौर प्रकल्पांना जोडण्याचे धोरण स्वीकारले गेले, आणि २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा सुरू झाला. सौर वीज दिवसाच निर्माण होत असल्यामुळे शेतीला दिवसा वीज देणे व्यवस्थेच्या हिताचेही होऊ लागले. २०२४ पासून ७.५ अश्वशक्तीपर्यंतच्या कृषीपंपांना मोफत वीज देण्याची योजना आली; तिने बिलाचा प्रश्न हाताळला. वेळेचा प्रश्न हाताळण्याची शक्यता फीडरच्या सौरीकरणात आहे. दिवसा सर्व पंप एकाच वेळी चालू लागले तर रोहित्रावरील भाराचा आणि क्रमाचा जुना प्रश्न पुन्हा समोर येईल, याचे भान मात्र ठेवावे लागेल.

निष्कर्ष

१) मोट आणि इंजिन यांच्या काळात शेतकरी विहिरीशी बांधलेला होता, पण वेळ त्याची होती. विद्युत मोटरीने त्याला विहिरीपासून मोकळे केले आणि वेळापत्रकाशी बांधले.
२) वीज परतल्यावर मोटर आपोआप सुरू न होऊ देणारी स्टार्टरची रचना कारखान्यातील परिस्थितीसाठी होती. अनियमित पुरवठ्याच्या शेतात तिचा भार शेतकऱ्यावर पडला आणि ऑटो स्विचचा जन्म त्याच गरजेतून झाला.
३) ऑटो स्विचने वैयक्तिक अडचण सोडविली व सामूहिक अडचण निर्माण केली. तिचे उत्तर मोटरी काही सेकंदांच्या अंतराने सुरू करण्यात आहे. त्यासाठी उपकरणापेक्षा एका रोहित्रावरील शेतकऱ्यांच्या आपसातील कराराची अधिक गरज आहे.
४) मोबाइल स्टार्टरमुळे दूरस्थ कळ आणि सूचक दिवा दोन्ही शेतकऱ्याच्या हाती आले. वीज कोणत्या वेळी यावी, हा क्रम ठरविण्याचा अधिकार मात्र त्याच्याकडे आलेला नाही.
५) जुन्नर-आंबेगावात या अधिकाराच्या अभावाची किंमत झोपेपुरती मर्यादित नाही. उसाच्या फडालगत रात्री दारे धरणाऱ्या माणसाची सुरक्षितता हा वीजपुरवठ्याच्या वेळापत्रकाचा एक निकष मानला गेला पाहिजे.

खोडदच्या दुर्बिणीने याच तालुक्यात दाखवून दिले आहे की तीस दूरस्थ यंत्रे एका शिस्तीत, परस्परांना उत्तर देत चालू शकतात. एका रोहित्रावरील दहा मोटरींना ती शिस्त अशक्य नाही. विहिरीवरील तीन दिवे दिवसाउजेडी लागावेत, एवढीच या परिसरातील शेतकऱ्याची अपेक्षा आहे. आणि ती पूर्ण करण्याची कळ त्याच्या पेटीवर नाही.